फोर्झा होरायझन ५ : फोर-व्हील गाडी आडवी घालायची तर ट्यूनिंग कितपत साथ देतं?

निकाल आधीच सांगून टाकतो. फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या व्हिडिओ गेममधलं ट्यूनिंग, म्हणजे गाडीच्या भागांची बारीक जुळवणी, ड्रिफ्टसाठी (गाडी आडवी घसरवत वळण घेण्यासाठी) जबरदस्त आहे, पण ते शिकवत काहीच नाही. स्लायडर भरपूर आहेत, प्रत्येकाचा परिणाम गाडीत खरोखर जाणवतो, आणि फोर-व्हील, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर डिफरेन्शियलच्या (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या भागाच्या) पाच स्लायडरवरच निम्मा खेळ ठरतो. पण त्या स्लायडरशेजारी जी माहिती दिलेली असते ती वळणावर पकड कशी वाढवायची या हिशेबाने लिहिली आहे. ड्रिफ्टवाल्याला पुढच्या चाकांना पकड हवी असते आणि मागच्यांना हवी तेवढीच. त्यामुळे ती माहिती प्रमाण मानून लावलेली गाडी रेसमध्ये छान पळते आणि ड्रिफ्ट झोनमध्ये (ड्रिफ्टला गुण मिळतात त्या रस्त्याच्या तुकड्यात) नाक सरळ करून बाहेर जाते.

प्लेग्राउंड गेम्सने हा गेम ९ नोव्हेंबर २०२१ ला एक्सबॉक्स आणि पीसीवर आणला, आणि २९ एप्रिल २०२५ ला पीएस५ वर. पीएस५ वर नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुबारू इम्प्रेझा किंवा निसान जीटी-आर घेतली, हँडब्रेक ओढला, गाडी आडवी झाली, आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) देताच परत सरळ का झाली? संपूर्ण गेमवर आता नव्याने लिहिण्यासारखं फार उरलेलं नाही. इथे फक्त या एका प्रश्नापुरतं, म्हणजे ट्यूनिंगच्या पडद्याबद्दल बोलू.

फोर-व्हीलने ड्रिफ्ट करावं की नाही यावर वाद घालणाऱ्यांची कमी नाही. खऱ्या जगात त्यांची बाजू भक्कम आहे. फॉर्म्युला ड्रिफ्ट या ड्रिफ्टच्या स्पर्धेत मागची चाकं ओढणाऱ्या (रिअर-व्हील) गाड्याच चालतात, आणि ड्रिफ्टसाठी बांधलेल्या इम्प्रेझा, मित्सुबिशी इव्हो किंवा स्कायलाइन जीटी-आर यांचं पुढच्या चाकांकडे जाणारं ड्राइव्ह आधी काढून टाकतात. पण होरायझनमधल्या ड्रिफ्ट झोनला हे काही माहीत नाही. तिथे गुण मिळतात ते कोनाचे आणि वेगाचे. रिअर-व्हील गाडी मोठ्या कोनात गेली की तिचा वेग झपाट्याने उतरतो. फोर-व्हील गाडीत पुढची चाकं काउंटर-स्टिअरच्या दिशेने, म्हणजे मागचा भाग घसरतो त्या बाजूला, वळलेली असतात आणि ती तिकडेच ओढत राहतात, म्हणून त्याच कोनात गाडी कितीतरी जास्त वेग टिकवते. आठवड्याच्या फेस्टिव्हल प्लेलिस्टमध्ये, म्हणजे गेममधल्या आव्हानांच्या यादीत, ड्रिफ्ट झोनचं आव्हान येतं तेव्हा अट बहुधा क्लासची किंवा गाडीच्या प्रकाराची असते, ड्राइव्हट्रेनची (कुठली चाकं ओढतात याची) नसते. झोनचे पूर्ण तीन तारे हवे असतील तर फोर-व्हील हा सगळ्यात स्वस्त मार्ग. मजा हवी असेल तर गोष्ट वेगळी. फोर-व्हीलमध्ये गाडीचा तोल राखायला फारसं काही करावं लागत नाही, ती स्वतःच सावरते, आणि काही दिवसांनी ते अळणी वाटू लागतं. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

गाडी आणि पार्ट

उदाहरणाला २००२ ची निसान स्कायलाइन जीटी-आर व्ही-स्पेक २ घेऊ, म्हणजे आर३४. मुळातच फोर-व्हील, इंजिन आरबी२६, सहा सिलिंडर एका रांगेत, दोन टर्बो. इंजिन बदलायची गरज नाही. ताकद ६५० ते ७५० हॉर्सपॉवरच्या आसपास ठेवली की गाडी एस१ क्लासमध्ये, म्हणजे ८०१ ते ९०० पीआयच्या (गाडीच्या क्षमतेच्या गुणांच्या) पट्ट्यात आरामात बसते. याहून जास्त ताकद फोर-व्हीलला चालते, पण गेमपॅडवर ट्रिगर अर्धा दाबून धरणं कठीण होतं, आणि ड्रिफ्टचं सगळं कसब त्या अर्ध्या दाबातच आहे.

पार्ट घेताना क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी ड्रिफ्ट सस्पेन्शन. ते घेतल्याशिवाय पुढे काही करू नका, कारण त्याने पुढची चाकं जास्त कोनात वळतात. दुसऱ्या कुठल्याही सस्पेन्शनवर गाडी एका मर्यादेच्या पुढे आडवी गेली की स्टिअरिंग संपतं आणि गाडी गोल फिरते. मग माणूस ती चूक डिफरेन्शियलमध्ये शोधत बसतो. त्यानंतर रेस डिफरेन्शियल, कारण पुढचा, मागचा आणि मधला असे तिन्ही भाग त्यात खुले होतात. मग रेस ट्रान्समिशन, म्हणजे प्रत्येक गिअर वेगळा लावता येतो. स्पोर्ट ट्रान्समिशनमध्ये फक्त फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना एकत्र सरकवणारं गुणोत्तर) मिळतो, तो पुरत नाही. अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारे दांडे, दोन्हीकडचे. फ्लायव्हील हलका घ्या, थ्रॉटलला इंजिन लगेच प्रतिसाद देतं. वजन कमी करायचं ते उरलेल्या पीआयमध्ये.

विंग लावू नका. होरायझनचा स्वतःचा मागचा विंग दिसायला किती वाईट आहे यावर खेळाडूंचं एकमत आहेच, पण इथे कारण वेगळं आहे: मागे डाउनफोर्स (हवेचा खाली दाबणारा जोर) वाढला की वेगात मागची चाकं चिकटतात आणि लांब वळणात ड्रिफ्ट मरतो.

टायर ड्रिफ्ट कंपाउंडचे, म्हणजे त्या प्रकारच्या रबराचे. त्यांची पकड सुटते ती एकदम नाही, हळूहळू सुटते, आणि परत येतेही तशीच. स्पोर्ट टायरवर वेग जास्त मिळतो, सवय झाल्यावर ते लावून पाहायला हरकत नाही. स्लिकच्या (खाचा नसलेल्या रेसिंग टायरच्या) वाटेला जाऊ नका. एक अडचण अशी की पुढे एक आणि मागे दुसरं कंपाउंड लावायची सोय गेममध्ये नाही. फरक करायचा तो रुंदीतून: पुढचे टायर एक-दोन पायऱ्या रुंद, मागचे कंपनीचे आहेत तेवढेच. हवा पुढे २८ पीएसआय, मागे ३२ पासून सुरुवात. मागे ३५ च्या वर गेलात तर गाडी घसरते सोपी, पण वेग धरत नाही.

गिअर: आकडा नको, आलेख बघा

गिअरच्या पडद्यावर उजवीकडे जो आलेख दिसतो तो या गेममधली फार उपयोगी आणि फार दुर्लक्षित गोष्ट आहे. प्रत्येक गिअर किती वेगापर्यंत जातो ते त्यात दिसतं. इथे नवखे एक चूक हमखास करतात. झोनमध्ये गाडी ताशी १३० किलोमीटरने जाते म्हणून चौथा गिअर १४० ला संपेल असा लावतात. मग ड्रिफ्टमध्ये इंजिन सतत लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटत राहतं. कारण साधं आहे: ड्रिफ्टमध्ये मागची चाकं रस्त्याच्या वेगापेक्षा बरीच जास्त फिरत असतात. आलेखातला वेग हा चाकाचा वेग आहे, गाडीचा नव्हे. म्हणून १३० च्या झोनसाठी चौथा गिअर आलेखात २०० ते २१० पर्यंत पोचायला हवा.

आर३४ वर सहा गिअर पुरेत. पहिला-दुसरा गिअर निघण्यापुरते, त्यांच्यात वेळ घालवू नका. तिसरा १६० च्या आसपास संपू द्या, चौथा २१० ला, पाचवा २६० ला. तिसरा आणि चौथा यांतलं अंतर कमी ठेवलं की गिअर टाकताना आरपीएम पडत नाही आणि टर्बोचा दाब टिकतो. हे अंतर जास्त असेल तर गिअर बदलताच ताकद क्षणभर बसते, तेवढ्यात मागची चाकं पकड धरतात, आणि गाडी झटक्याने सरळ होते. बाहेरून हे डिफरेन्शियलचं दुखणं वाटतं, असतं गिअरचं. आधी फायनल ड्राइव्ह हलवून सगळे गिअर एकत्र पुढे-मागे सरकवा, मग एकेक गिअर नीट बसवा. उलट केलंत तर दर वेळी सगळंच पुन्हा मांडावं लागतं.

एका झोनमध्ये शक्यतो एकाच गिअरमध्ये राहता यावं, हे उद्दिष्ट. लांब आणि उघड्या झोनला चौथा, घाटासारख्या नागमोडी झोनला तिसरा. झोनच्या मध्यावर गिअर बदलावा लागत असेल तर फायनल ड्राइव्ह ०.१० ते ०.१५ ने खाली आणा आणि परत जा.

डिफरेन्शियल: खरी गोम इथे

फोर-व्हील गाडीत पाच स्लायडर येतात: पुढचा ॲक्सिलरेशन आणि डिसिलरेशन, मागचा ॲक्सिलरेशन आणि डिसिलरेशन, आणि मधला बॅलन्स. ॲक्सिलरेशन म्हणजे थ्रॉटल देताना, आणि डिसिलरेशन म्हणजे तो सोडल्यावर, त्या जोडीतली दोन चाकं एकमेकांना किती घट्ट जोडली जातात. सुरुवातीचे आकडे असे ठेवा: पुढे ३० आणि ०, मागे १०० आणि ८०, मधला ८५ टक्के मागे. हे आकडे आंधळेपणाने पाठ करण्यात अर्थ नाही, कारण गाडी बदलली की तेही बदलतात. प्रत्येक आकडा काय करतो ते कळलं की मात्र कुठलीही गाडी हाताशी येते.

मधला बॅलन्स म्हणजे इंजिनच्या ताकदीतला किती वाटा मागे जातो. ५० ते ६५ वर गाडी ड्रिफ्ट करतच नाही. हँडब्रेकने आडवी होते, थ्रॉटल दिला की पुढची चाकं तिला ओढून सरळ करतात. मघाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. ८० ते ९० हा कामाचा पट्टा. ८० ला गाडी वेगवान आणि माफ करणारी, पण कोन कमी. ९० ला कोन मोठा, पण सावरायला वेळ कमी मिळतो. ९५ च्या पुढे पुढची चाकं नावापुरती उरतात. मग गाडी फोर-व्हीलचं वजन वाहते आणि वागते रिअर-व्हीलसारखी, म्हणजे दोन्हींतलं वाईट तेवढं पदरात. बदल करायचा तर दोन-दोन टक्क्यांनी. पाच टक्क्यांचा फरक इथे फार मोठा असतो.

पुढचा ॲक्सिलरेशन सगळ्यात जास्त गैरसमजाचा. तो शून्यावर ठेवला की पुढच्या दोन चाकांपैकी ज्यावर वजन कमी ते रिकामं फिरतं आणि पुढचं ओढणं जवळजवळ संपतं. तो १०० वर नेला की दोन्ही चाकं एकजीव होऊन ती जिकडे वळलेली आहेत तिकडे गाडीला खेचतात. लांबच लांब, एकाच दिशेच्या वळणात हे उत्तम, गाडी रुळावर असल्यासारखी जाते. पण नागमोडी झोनमध्ये एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना तेच खेचणं नाकाला वळू देत नाही. म्हणून २५ ते ४०. एकच मोठं वळण असलेल्या झोनसाठी ५० पर्यंत चालेल. पुढचा डिसिलरेशन शून्य किंवा फार तर ५. थ्रॉटल सोडल्यावर नाक मोकळं वळावं एवढंच त्याचं काम.

मागचा ॲक्सिलरेशन १००, यात वाद नको. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला हवीत. हा आकडा ६० वर असेल तर आतलं चाक एकटंच धूर काढतं, बाहेरचं पकड धरतं, आणि ड्रिफ्ट अर्ध्यात सुटतो. मागचा डिसिलरेशन हा चवीचा भाग. १०० वर थ्रॉटल सोडला तरी गाडी आहे त्या कोनात राहते, शांत. पण झोनमध्ये शिरताना फक्त थ्रॉटल सोडून गाडी आडवी घालायची सवय असेल तर १०० वर ती हट्टी होते, नाक आत घालत नाही. तेव्हा ६० ते ७० वर आणा, मागचा भाग लवकर निघतो.

पाच स्लायडरपैकी एका वेळी एकच हलवायचा. मधला आणि पुढचा ॲक्सिलरेशन एकत्र हलवले तर दोघांचे परिणाम एकमेकांत मिसळतात, कारण दोन्हींचा संबंध पुढच्या चाकांच्या ओढण्याशीच आहे. आधी मधला बसवा. तो पटला की पुढचा.

बाकीचं, थोडक्यात

कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कल) ७, म्हणजे स्लायडर शेवटपर्यंत. काउंटर-स्टिअरमध्ये पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) त्यामुळे सांभाळला जातो आणि स्टिअरिंग स्वतः मध्यावर यायला बघतं. पुढचा कॅम्बर उणे ३ अंश, मागचा उणे ०.५. खऱ्या ड्रिफ्ट गाड्यांची नक्कल म्हणून पुढे उणे ५ लावणारे बरेच आहेत. फोर-व्हीलमध्ये ते महागात पडतं, कारण पुढच्या चाकांना फक्त वळायचं नसतं, ओढायचंही असतं, आणि टायर कडेवर उभा राहिला तर ओढणार कशाच्या जोरावर? टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर, पुढे ०.५ आउट, मागे शून्य. पुढे १ च्या वर गेलात तर सरळ रस्त्यावर गाडी डुलू लागते.

अँटी-रोल बार १ ते ६५ च्या पट्टीवर पुढे १८, मागे ३२. फोर-व्हीलचा मूळ स्वभाव नाक बाहेर टाकण्याचा, तो मोडायला पुढे मऊ आणि मागे कडक. दिशा बदलताना मागचा भाग चाबकासारखा फेकला जात असेल तर मागचा बार ४-५ ने कमी करा. स्प्रिंगचे आकडे देत नाही, आणि कुणी दिले तर घेऊ नका. स्प्रिंगच्या स्लायडरची सुरुवात आणि शेवट प्रत्येक गाडीत वेगळे असतात, वर एकक कुठलं निवडलंय त्यावर आकडा बदलतो. पट्टीवरची जागा बघा: दोन्हीकडे मध्याच्या किंचित खाली. उंची सगळ्यात कमीपेक्षा दोन-तीन टप्पे वर, नाहीतर रस्त्याकडेच्या उंचवट्यावर गाडी टेकते आणि उडते. शॉक-ॲब्सॉर्बरचा रिबाउंड (स्प्रिंग उलगडतानाचा विरोध) पुढे ८, मागे ९, बम्प (दबतानाचा विरोध) दोन्हीकडे ५. ब्रेकचा दाब १२० टक्के. बाकी ब्रेकला हात लावायची गरज नाही.

चाचणी कशी घ्यायची

ट्यूनिंगच्या पडद्यावर कडेला ० ते १०० चा वेळ, सर्वाधिक वेग, पार्श्व जी (वळणातला बाजूचा जोर) असे आकडे बदलत राहतात. ड्रिफ्टसाठी ते साफ निरुपयोगी. उलट चांगला ड्रिफ्ट ट्यून लावला की हे आकडे वाईट दिसू लागतात आणि नवखा माणूस घाबरून परत जातो. हँडलिंगचा आकडा पडला म्हणून घाबरायचं कारण नाही.

खरी चाचणी टेलिमेट्रीत, म्हणजे गाडी चालताना तिची मोजमापं दाखवणाऱ्या पडद्यावर, होते. घर्षणाचं पान उघडा, चार टायरची चार वर्तुळं दिसतील. नीट जमलेल्या ड्रिफ्टमध्ये मागची दोन सतत लाल, पुढची दोन अधूनमधून लाल होऊन परत येणारी. चारही सतत लाल असतील तर ताकद फार आहे किंवा मधला बॅलन्स अजून पुढे आहे. गाडी तरंगल्यासारखी बाहेर जात असते, वळत नसते. पुढची कधीच लाल होत नसतील तर पुढच्या चाकांकडे काहीच पोचत नाहीये, मधला दोन टक्के पुढे आणा. एवढं एक पान नीट वाचता आलं तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

जागा म्हणून ज्वालामुखीचा रस्ता, ला ग्रान काल्देराचा, उत्तम. उतरताना गाडीचं वजन पुढे असतं, त्यामुळे मागचा भाग सहज सुटतो आणि ट्यूनमधली ताकदीची कमतरता झाकली जाते. चढताना सगळं उघडं पडतं. म्हणून ट्यून चढावर लावा आणि गुण उतारावर मिळवा.

काय बिघडलंय हे ओळखायचं तर ते कधी बिघडतं ते बघा. शिरतानाच नाक बाहेर जात असेल तर दोष पुढच्या बारमध्ये किंवा मागच्या डिसिलरेशनमध्ये. मध्यावर, थ्रॉटल पूर्ण असताना सरळ होत असेल तर मधला बॅलन्स. मध्यावर गोल फिरत असेल तर ड्रिफ्ट सस्पेन्शन लावलंय का ते आधी तपासा, मग मागच्या टायरची हवा. बाहेर पडताना, दिशा बदलताना झटका बसत असेल तर मागचा बार आणि मागचा रिबाउंड. आणि ड्रिफ्ट उत्तम होतो पण गुण कमी पडतात अशी तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा ट्यूनची नसतेच, हँडब्रेकची असते. फोर-व्हीलमध्ये हँडब्रेक लांबवला की वेग बसतो आणि तो परत यायला झोन संपतो. टिचकीएवढा ओढायचा, तोही फक्त शिरताना.

असिस्टपैकी, म्हणजे गेमच्या आपोआप मदतींपैकी, ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल दोन्ही बंद. हे चालू ठेवून वरचा एकही आकडा लागू होत नाही. गिअर मॅन्युअल. ऑटोमॅटिक चुकीच्या क्षणी गिअर टाकतो आणि एकाच गिअरमध्ये राहायचं सगळं गणित मोडतो. क्लचसह मॅन्युअल असेल तर आणखी बरं, पण फोर-व्हीलला ते अपरिहार्य नाही. स्टिअरिंग गेमपॅडवर स्टँडर्ड. सिम्युलेशन हे व्हील वापरणाऱ्यांसाठी.

कुठे कमी पडतं

सगळ्यात मोठी तक्रार दुसऱ्यांच्या ट्यूनबद्दल. नऊ आकडी कोड टाकून कुणाचाही ट्यून उतरवता येतो, ही सोय फार चांगली. पण उतरवलेला ट्यून कुलूपबंद. आकडे दिसत नाहीत, त्यात बदल करता येत नाही. म्हणजे तीन तारे मिळतात, शिकायला काही मिळत नाही. ट्यून करणाऱ्याची मेहनत राखायची म्हणून असं केलं असेल, ते समजतं. पण ज्याला आपला ट्यून उघडा ठेवायचा आहे त्याला तरी तशी मुभा हवी होती. परिणाम असा की लोक आकडे पडद्याच्या फोटोतून एकमेकांना पाठवतात.

दुसरी तक्रार: स्लायडर हलवताना गाडी चालत नसते. दोन टक्के बदलायचे, बाहेर यायचं, झोनच्या तोंडाशी जायचं, बघायचं, परत आत. हे दहा-वीस वेळा करावं लागतं. झोनजवळच एखादी छोटी चाचणीची जागा, जिथे चालता चालता मधला बॅलन्स फिरवता येईल, एवढं दिलं असतं तर या गेमच्या ट्यूनिंगला तोड नव्हती.

तिसरी, माहितीची. डिसिलरेशनच्या स्लायडरखाली ड्रिफ्टचा शब्दही नसावा, आणि त्याच गेममध्ये ड्रिफ्ट सस्पेन्शन आणि ड्रिफ्ट टायर विकत मिळावेत, याला काय म्हणायचं!

इतर गाड्या आणि पाऊस

हेच आकडे सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआयवर जसेच्या तसे चालत नाहीत. तिचं बॉक्सर इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे आहे, नाक जड. मधला ८८ ते ९०, पुढचा बार १८ वरून १२ वर. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचंही थोडंफार तसंच, पण तिचं नाक जास्त चपळ वळतं, तिला ८७ पुरतो. निसान सिल्व्हियासारखी मुळात रिअर-व्हील असलेली गाडी फोर-व्हील करून घेतली तर वजनाची वाटणी चांगली असते, तिला ८२ वरही कोन मिळतो. झोनच्या गुणांसाठी हीच जात सगळ्यात फायदेशीर. रॅली आणि स्टंट-चालक केन ब्लॉकची १९६५ ची हूनिकॉर्न मस्टँगही गेममध्ये आहे, तीही चारी चाकं ओढणारी. बघायला जबरदस्त, पण तिची ताकद गेमपॅडवर आवरणं सोपं नाही. शिकायला ती घेऊ नका.

होरायझन ५ मध्ये ऋतू बदलतात आणि पावसाळ्यात रस्ते ओले होतात. ओल्या रस्त्यावर मागची चाकं नुसती फिरतात, वेग मिळतच नाही. मधला ८५ वरून ८० वर आणा, मागच्या टायरची हवा ३२ वरून २९, आणि तिसऱ्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये झोन घ्या, म्हणजे चाकांवर ताकद कमी पोचते. हा ट्यून वेगळ्या नावाने जतन करून ठेवा. कोरड्या रस्त्याच्या ट्यूनवरच जतन केलात तर पुढच्या आठवड्यात ऊन पडल्यावर गाडी आडवी का होत नाही याचा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल.